मानाजी जमादाराचा बार

राजाबाई मेली, हे मानाजी काळभोराने डाव्या पायाने ठरवलं. धारच्या वेशीबाहेर भटजींनी पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवला आणि घरातला कर्ता पुरुष म्हणून मानाजीने तो लाथेने फोडला. मग पुरुषमंडळी तलावावर जाऊन नाहली, ओलेत्याने घरी आली, आणि यापुढे तिचं नाव घरात कोणी काढायचं नाही असं ठरलं. राजाबाई त्या वेळी मिशनच्या दवाखान्यात कुणाच्या तरी पोराच्या पायातला काटा काढत होती. घट फुटल्याचं तिला संध्याकाळी कळलं.

ती मानाजीची सख्खी धाकटी बहीण. दोघांच्या वयात इतकं अंतर, की आई गेली तेव्हा मानाजीला मिसरूड फुटलं होतं आणि ती अजून रांगत होती. वडील खंडोजी दरबारच्या पागेत नोकरीला. घरात कमी आणि घोड्यांत जास्त. पोरीला न्हाऊ घालण्यापासून तिच्या डोक्यातल्या उवा मारण्यापर्यंत सगळं मानाजीने केलं. नवरात्रात देवासला मामाकडे गेले की चामुंडेच्या टेकडीवर तो तिला खांद्यावर घेऊन चढायचा, आणि ती वरून त्याचं पागोटं धरून त्याला टाच मारायची. तेव्हा घट फोडायला तो पाय काही सहज उठला नव्हता. पण उठला, आणि एकदा उठल्यावर मानाजीने मागे पाहिलं नाही. त्याचा स्वभावच तसा होता.

राजाबाईचं लग्न धारमध्येच झालं होतं. गाठीचा रोग शहरात शिरला त्या साली तिचा नवरा गेला. लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागले. राजाबाईच्या काखेत गाठ दिसली तशी सासरच्यांनी तिला एका झोपडीत टाकलं आणि ते कुक्षीकडे निघून गेले. मानाजी त्याच माळावर पहाऱ्याला होता. तो रोज भाकरी आणि ताकाचं मडकं कुंपणाशी ठेवायचा, हाक मारायचा, आणि मागे सरायचा. आत पाऊल टाकायची त्याची छाती झाली नाही. घरी बायको होती, तिच्या मांडीवर लेक होती. आत गेले ते मिशनचे लोक. त्यांनी तिची गाठ फोडली, धुतली, तिला चमच्याने पेज पाजली. ती जगली. बरी झाली तेव्हा तिला सासर उरलं नव्हतं, आणि माहेरी कोपऱ्यात बसायचं तिच्या मनात नव्हतं. ती दवाखान्यातच राहिली, तिथलं काम शिकली, आणि पुढे एका रविवारी तिने बाप्तिस्मा घेतला. वेशीबाहेर घट फुटला तो त्यानंतर.

मानाजीच्या मते यात आभार मानण्याजोगं काही नव्हतं. “त्यांनी तिला वाचवली ती विकत घ्यायला,” असं तो चारचौघांत म्हणायचा. “आम्ही ढोर घेतो तसं.”

मिशनच्या लोकांची एक रीत होती. ईस्टरचा सण झाला की दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले जमतील तेवढे लोक मांडवगडाच्या डोंगरावर पायी चढून जायचे. वर बसून गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, जेवायचं आणि संध्याकाळी उतरायचं. त्या वर्षी गडाच्या रानात बिबट्या माजला होता. मिशनच्या गोऱ्या मडमेने दरबारकडे सोबत मागितली आणि दरबारने मानाजी जमादाराला हुकूम दिला.

“दुसरा कुणी नाही का?” मानाजीने विचारलं.

“रान तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?” कारभारी म्हणाला. “एक दिवसाचं तर काम. जा.”

हुकूम मोडणं मानाजीच्या रक्तात नव्हतं. पण हुकूम पाळून जे करता येण्याजोगं होतं ते त्याने केलं. तो आदल्या दिवशीच घोड्यावरून घाटाच्या पायथ्याच्या गावी गेला आणि पाटलाला म्हणाला, “उद्या किरिस्तावांची टोळी येतेय. त्यांत भिलडे आहेत, आणखी कोण कोण आहेत. विहिरीला हात लावू दिलात तर विहीर बाटेल. मग दरबारकडे रडत येऊ नका.”

“नी आवां दां, जमादारसाब,” पाटील माळवीत म्हणाला. “एक थेंब नी मिलेगो.”

*

मंडळी बैलगाड्यांतून आली आणि गावाबाहेरच्या आमराईत उतरली. मानाजी बंदूक आणि स्वतःच्या पाण्याचं मडकं घेऊन बाजूला उभा होता. उतरणाऱ्यांत त्याला राजाबाई दिसली. कपाळ तसंच कोरं, पण अंगावर पांढरं स्वच्छ लुगडं आणि पायांत चपला. घट फुटल्यानंतर तो तिला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होता. तिनेही त्याला पाहिलं. ती एक पाऊल पुढे आली तेव्हा त्याने तोंड फिरवलं आणि बंदुकीचा घोडा पुसू लागला.

गावाने आपलं काम चोख केलं. विहिरीवरच्या बायकांनी दोर आणि बादल्या काढून नेल्या. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी शेणाचे गोळे मारले, आणि त्यांतल्याच एकाने मारलेला दगड थावऱ्या नावाच्या भिल्ल गड्याच्या कपाळाला लागला. हा थावऱ्या संवत छप्पनच्या दुष्काळात आईबाप गमावून मिशनमध्ये वाढलेला. आता ऐन पंचविशीतला, खांद्याने बैलासारखा. रक्त डोळ्यात उतरलं तसा तो वळला आणि पोरं पांगली. पण तो त्यांच्यामागे धावला नाही. राजाबाईने त्याचं कपाळ पुसलं, वर फडकं बांधलं. मानाजीला मडमेच्या जिवाची राखण सांगितली होती, भिल्लाच्या कपाळाची नाही. तो बघत राहिला.

पाणी नाही म्हटल्यावर मडम आणि त्यांचे उपदेशक भगवंत मास्तर यांनी आपसात बोलून घेतलं. धारहून आणलेली एक पखाल भरलेली होती. तेवढ्यावर दिवस काढायचा, असं ठरवून सगळे चढू लागले.

मानाजी पुढे होता, पण कान मागे होते. हे लोक चालतात कसे, हे त्याला बघायचं होतं. देवीच्या डोंगरावर माणसं चढतात तशी ही चढत नव्हती. तिथे ज्याला बळ तो पुढे, आणि म्हातारीकोतारी मागे बसत-उठत येतात. इथे भगवंत मास्तर पायाने अधू, आणि सगळी टोळी त्याच्या चालीने चालत होती. कुणी दमला की कुणीतरी त्याचं गाठोडं न बोलता उचलायचं. थावऱ्याने पखाल पाठीवर घेतली होती. त्याला घाम फुटला की दवाखान्यातला झाडूवाला ती घ्यायचा, मग मास्तरचा मुलगा. मानाजीच्या मनात आलं, ढोरांनाही कळपाने चालता येतं. त्यात काय मोठं?

अर्ध्या चढावर मंडळी एका खडकावर बसली. गोलात बसून प्रत्येकाने थोडं-थोडं बोलायचं असा त्यांचा प्रकार होता. कुणी म्हणाली, माझ्या पोराचा ताप उतरला, प्रभूचे उपकार. थावऱ्या म्हणाला, “आज दगड लागला. हात उचलला नाही. एवढंच.” बाकीचे हसले आणि कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग फडकं पसरून त्यावर भाकऱ्या आणि चटणी ठेवली. राजाबाईने एक भाकरी मोडली, अर्धी थावऱ्याला दिली, आणि दुसरी अर्धी तोंडात घातली. खंडोजी काळभोराची लेक, जिच्यासाठी घरात वेगळी तांब्याची कळशी असायची, ती भिल्लाच्या मांडीला मांडी लावून एका भाकरीतलं खात होती.

भगवंत मास्तर काठी टेकत त्याच्याजवळ आला. हा मूळचा नगरकडचा, पन्नाशी उलटलेला, आवाजाने मऊ. “जमादार, तुम्ही काही खाल्लं नाहीत.”

“माझं माझ्याजवळ आहे.”

“बरं. सावलीला तरी या.”

“मास्तर, एक सांगा,” मानाजी म्हणाला. “वर तुमचं देऊळ आहे?”

“नाही.”

“मूर्ती, समाधी, काही?”

“काही नाही.”

“मग चढता कशाला? देव खाली भेटत नाही तुमचा?”

मास्तर काठीवर रेलला. “देव खाली भेटतो. माणसं भेटत नाहीत,” तो म्हणाला. “खाली यांचा रस्ता वेगळा, त्यांचा पाणोठा वेगळा. आमच्या स्वतःच्या मनातही ते भेद अजून आहेत, मी खोटं कशाला सांगू? मी जन्माने ब्राह्मण. पहिल्या वर्षी थावऱ्याच्या हातची भाकरी मला गिळवेना. पण डोंगर चढताना पाय निसटला की जो हात पुढे येतो तो धरावा लागतो, कुणाचा ते विचारता येत नाही. म्हणून दर वर्षी चढतो. आठवण राहावी म्हणून.”

“बाटायची शाळा,” मानाजी म्हणाला आणि उठला.

*

गडाच्या अलीकडे वाट एका घळीतून जाते. तिथे वडाखाली महादेवाची पिंडी आहे आणि समोर उंच काळा कडा. कड्याच्या पोटाला मोठमोठी आग्यामोहोळं लोंबत होती, टांगलेल्या घोंगड्यांसारखी. मानाजीला ती ठाऊक होती. तिथून माणसं आवाज न करता जातात हेही ठाऊक होतं, आणि तसं त्याने मडमेला आधीच सांगायला हवं होतं. पण तो त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलत होता.

घळीत गार सावली होती. मंडळी पिंडीपासून दूर, कड्याच्या बाजूला टेकली. भगवंत मास्तरने हलक्या आवाजात भजन सुरू केलं, बाकीच्यांनी धरलं. मानाजीने पिंडीपुढे हात जोडले होते. पाठीमागे ते गाणं आणि त्यात त्याच्या बहिणीचा आवाज. लहानपणी तोच आवाज त्याच्या घरात भूपाळ्या म्हणायचा. त्याच्या डोक्यात काहीतरी तुटलं.

“बंद करा!” तो ओरडला. “महादेवाच्या ठाण्यात हे नाही चालणार!”

मास्तर थांबला, पण मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसावं. दोन-तीन आवाज पुढे चालूच राहिले, आणि त्यांत राजाबाईचा होता. मानाजीने खांद्यावरची ठासणीची बंदूक उतरवली आणि आभाळाकडे करून बार काढला.

आवाज कड्यावर आपटून परत आला. क्षणभर अगदी शांत झालं. मग कड्याच्या पोटावरची ती काळी घोंगडी हलल्यासारखी दिसली, आणि पाहता पाहता सगळी घळ घोंगावू लागली.

लोक वाट फुटेल तिकडे पळाले. थावऱ्याने मास्तरला खांद्यावर टाकलं आणि झुडपांत घुसला. मडमेने दोन बायकांवर आपला झगा ओढला. मानाजी सगळ्यांत उघड्यावर, कड्याच्या थेट खाली, आणि हातात धूर सोडणारी बंदूक. माशा त्याच्यावरच तुटून पडल्या. पागोट्यात, कानांत, पापण्यांवर. तो ओरडला तेव्हा तोंडात गेल्या. तो धावला, ठेचकाळला, पडला. त्याच्या अंगावर जाड काहीतरी येऊन पडलं आणि त्यावर माणसाचं वजन. कुणीतरी त्याला घोंगडीखाली दाबून धरलं होतं.

“हलू नको, दादा,” राजाबाई त्याच्या कानाशी म्हणाली. “हलू नको.”

माशा शांत झाल्यावर दोघांना घळीबाहेर ओढून काढलं. राजाबाईचे हात आणि मान सुजली होती. पण मानाजीचा चेहरा ओळखू येईना. डोळ्यांच्या फटी बुजल्या, ओठ उलटले, जीभ जड झाली. राजाबाई त्याच्या उशाशी बसून नखाने एकेक नांगी खरवडून काढू लागली. ओलं फडकं त्याच्या गळ्यावर ठेवत होती. मानाजीला दिसत नव्हतं, पण शुद्ध पुरती होती. छातीत भट्टी पेटली होती.

“पाणी,” तो म्हणाला.

पखालीतून भांडं भरल्याचा आवाज त्याने ऐकला. मग तिचा आवाज आला. “दादा, हे आमचं पाणी आहे. पखाल थावऱ्याने वाहिली आहे. तुझं मडकं धावताना फुटलं. देऊ का?”

ती विचारत होती. तोंडात ओतून मोकळी झाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. मानाजीने सुजलेले दोन्ही हात जवळ आणले आणि ओंजळ पुढे केली.

*

घोंगडीची झोळी करून थावऱ्याने आणि इतरांनी त्याला खाली आणलं. पखाल तोपर्यंत रिकामी झाली होती. गावाच्या तोंडाशी पाटील आणि चार माणसं काठ्या घेऊन उभी होती.

“माणूस मरतोय,” मास्तर म्हणाला. “थोडं पाणी द्या. वरून ओता, आम्ही भांड्याला शिवत नाही.”

“यां पाणी नी मिलेगो भिया. जमादारसाब को हुकम है.”

झोळीत पडलेल्या मानाजीने ते ऐकलं. मी जमादार, असं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण घशातून नुसती घरघर निघाली. पाटील वाकला, त्याचा चेहरा बघून मागे सरला. “कोण है यो?”

राजाबाई पुढे झाली. “हेच जमादार. मानाजी काळभोर. पागोटं बघा, बंदूक बघा.”

पाटलाने पागोटं पाहिलं आणि त्याचा रंग बदलला. “अरे राम! तो ने घर में लाव नी जल्दी, खाट डालो...” मग तो थांबला. त्याला काहीतरी सुचलं. “बाई, तू इनकी कौण?”

राजाबाईने झोळीकडे पाहिलं. “यांच्या लेखी कोणी नाही,” ती म्हणाली.

“इनने थां लोगां को पाणी पियो?”

मडमेला माळवी कळत नव्हती. बाकी सगळ्यांना प्रश्न कळला, आणि त्याच्या उत्तरावर काय अवलंबून आहे तेही कळलं. मानाजी बंद पापण्यांआड ऐकत होता. नाही म्हण. एक शब्द. तुझं काय जातं?

“हो,” राजाबाई म्हणाली. “प्याले.”

पाटलाने हात जोडले, तिला नव्हे, झोळीतल्या जमादाराला. आणि तो मागे सरला. काठ्या पुन्हा आडव्या झाल्या. मंडळींनी गाड्या जुंपल्या आणि पुढच्या नाल्यातला ओला झिरा उकरून फडकी भिजवत मानाजीला धारला आणलं. तो जगला.

*

मानाजी अंथरुणावर होता तोवर शहरात गोष्ट फिरून आली. किरिस्तावांनी महादेवासमोर ढोल वाजवले, माशा उठवल्या, जमादाराला बेशुद्ध पाडलं, आणि त्याच्या तोंडात भिल्लाचं पाणी ओतून त्याला बाटवलं. त्यांचं डोंगरावर जाणं कायमचं बंद करावं म्हणून दरबारकडे अर्ज द्यायचं ठरत होतं. अडलं होतं फक्त मानाजीच्या साक्षीवर.

त्यासाठी देवासहून जगदेवराव आले. देवास संस्थानच्या थोरल्या पातीतले मातबर मराठे, आणि मानाजीचे होणारे व्याही. त्यांच्या मुलाशी मानाजीच्या लेकीचं, यमुनेचं, लग्न ठरलं होतं. जातीची माणसं मानाजीच्याच ओसरीवर बसली. दाराआड मानाजीची बायको नर्मदाबाई यमुनेचा हात धरून उभी होती.

जगदेवराव शहाणे होते. त्यांना मुलगी पसंत होती आणि घर मोडायचं नव्हतं. “जमादार,” ते म्हणाले, “शुद्धीत नसताना घशात पाणी गेलं तर त्याचा दोष नाही. शास्त्रीबुवांनी सांगितलं आहे. माशा त्यांच्या ढोलाने उठल्या, तुम्ही बेशुद्ध होता, त्यांनी पाजलं. एवढं म्हणा. उद्या गंगाजळ शिंपडू आणि वैशाखात लग्न करू.”

मानाजी भिंतीला टेकून बसला होता. चेहऱ्याची सूज उतरली होती, पण कातडी काळीनिळी होती. हो म्हणणं किती सोपं होतं! आणि त्या लोकांचा डोंगर बंद झाला असता तर त्याला आनंदच होता. त्याने तोंडही उघडलं. पण कानात तिचा तो ‘हो’ घुमला. काठ्या समोर, भाऊ मरायला टेकलेला, आणि ती निर्लज्ज खरं बोलली होती. आता आपण इथे, आपल्या ओसरीवर, आपल्या माणसांत बसून खोटं बोललो, तर ती वर आणि आपण खाली. काळभोरांच्या मर्दाला जे जमलं नाही ते किरिस्ताव झालेल्या विधवेला जमलं, असं झालं असतं. ही गोष्ट त्याला पाण्यापेक्षा जास्त लागली.

“ढोल नव्हता,” तो म्हणाला.

“काय?”

“बार मी काढला. माशा माझ्या बाराने उठल्या. मी शुद्धीत होतो. तिने विचारलं, आणि मी ओंजळ केली.”

जगदेवराव पुढे सरकले. “जमादार, पुन्हा एकदा विचार करा. आत मुलगी उभी आहे.”

“मला माहीत आहे कोण उभं आहे.”

जगदेवराव उठले, उपरणं झटकलं. “मग आमचं येणं-जाणं संपलं,” ते म्हणाले आणि जोडे घालून पायऱ्या उतरले.

नर्मदाबाईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. “ज्या बहिणीला मेली म्हणालात तिच्यापायी जिवंत पोरीचा गळा कापलात,” एवढंच ती बोलली, आणि पुढे कित्येक दिवस काहीच बोलली नाही. मानाजीने प्रायश्चित्त घेतलं. मिशा उतरवल्या, पंचगव्य प्याला, जातीला जेवण घातलं. जातीने त्याला परत घेतलं. देवासच्या सोयरिकीने घेतलं नाही. यमुनेचं लग्न दोन वर्षांनी धामनोदकडच्या एका बिजवराशी झालं. दरबारने विनाकारण बार काढल्याबद्दल त्याची जमादारी काढून घेतली. अर्ज मात्र फिसकटला, आणि मिशनचे लोक पुढच्या ईस्टरला डोंगर चढलेच.

सोयरीक मोडल्याचं कळल्यावर राजाबाई आली होती. ती परसाच्या कुंपणाबाहेर उभी राहिली, आत आली नाही. मानाजी गोठ्यात वैरण टाकत होता.

“दादा,” ती म्हणाली, “मी त्या दिवशी पाटलाला नाही म्हणायला हवं होतं का?”

“हो.”

“मला जमलं नाही.”

“जमलं नाही म्हणू नकोस. मी मरत होतो आणि तुला तुझा देव मोठा वाटला.”

“हो,” ती म्हणाली.

“मग जा त्याच्याकडे. माझ्या दारात काय आहे तुझं?”

“तू पंचांपुढे काय बोललास ते कळलं. तुझे उपकार मानायला आले.”

मानाजीने हातातली वैरण खाली टाकली. “तुझ्यासाठी बोललो असं वाटतं तुला? राजी, मला तुझं तोंड बघवत नाही. तुझ्यावर मात करायची म्हणून बोललो. माझी लेक त्यात गेली. आता तू इथे उभी राहून देवाचं नाव घेतलंस तर मी काठी उचलेन.”

तिने देवाचं नाव घेतलं नाही. ती वळली आणि गेली.

*

पुढे दरबारने मानाजीला कुक्षीकडच्या एका जकात-नाक्यावर नेमलं. आडवाटेचं ठिकाण, एक छप्पर, एक आडवा वासा, हाताखाली एक शिपाई. नर्मदाबाई बरोबर आली, हळूहळू बोलूही लागली. मिशा पुन्हा वाढल्या त्या पांढऱ्याच. वाटसरूंशी तो तुसडेपणाने वागायचा. त्याच्या नाक्यावरून गूळ-कापूस चोरून नेणं कुणाला जमत नाही अशी त्याची ख्याती झाली. बायकांच्या ओच्यांतली अफूसुद्धा तो सोडायचा नाही.

मिशनने दक्षिणेच्या भिल्लांच्या मुलखात नवं ठाणं काढलं आणि राजाबाईला तिकडे पाठवलं. एका हिवाळ्यात तिथलीच एक टोळी नाक्यापाशी आली. डोंगरावर जाऊन जेवायचं आणि परतायचं, हाच बेत. या वेळी बहुतेक भिल्लच होते, बायका-पोरांसकट. पुढे थावऱ्या, आता बायको आणि मूल घेऊन. मध्ये राजाबाई, केस पिकलेली, हातात काठी.

शिपायाने वासा आडवा ठेवून विचारलं, “गाठोड्यांत जकातीचा माल आहे?”

“नाही,” राजाबाई म्हणाली. “भाकऱ्या आहेत.”

“सगळे असंच म्हणतात. सोडा गाठोडी.” शिपाई खाली वाकला.

छपराच्या सावलीत मानाजी बाजेवर बसला होता. त्याने तिला केव्हाच ओळखलं होतं. “राहू दे,” तो म्हणाला.

शिपाई चकित झाला. “न बघता सोडू?”

“ती बाई नाही म्हणाली ना? मग नाही. ती खोटं बोलत नाही. मी भोगलंय ते.” तो बाजूला थुंकला. “वासा उचल.”

वासा वर गेला. माणसं एकामागून एक खालून गेली. राजाबाई त्याच्यासमोर आली तेव्हा तिची पावलं मंदावली. तो उठला नाही, तिनेही हाक मारली नाही. तिने फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला, माहेरी मोठ्या भावासमोर करायची तसा, आणि ती पुढे गेली. डोंगराच्या वळणावर त्यांच्यातल्या कुणीतरी गाणं सुरू केलं. मानाजीने शिपायाला वासा नीट बांधला नाही म्हणून शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि ते गाणं ऐकू येईनासं होईपर्यंत तो शिव्या देत राहिला.